सासूबाईंनी शिव्या घातलेला काउंट : 'फुलिश वाइव्हज'ची ब्लू-रे

आधी तक्रार सांगून टाकते म्हणजे मन मोकळं. पार्सल आलं ते बिल्डिंगच्या लॉबीत हीटरला टेकवून कुरिअरवाला गायब, फोनवर फोटो आला 'डिलिव्हर्ड', आणि उघडून बघते तर डब्याचा कोपरा फुटलेला, डिस्क ज्या दातऱ्यांवर बसते त्यातल्या दोन तुटून आत खुळखुळ्यासारख्या वाजतायत. डिस्कवर ओरखडा नव्हता म्हणून परत करायच्या भानगडीत पडले नाही. विकणाऱ्याला मेल टाकली, त्याने नवीन रिकामा डबा पाठवतो म्हणून सांगितलं, अजून वाट बघतेय. तोवर जुना डबा सेलोटेपवर जगतोय.

तर वस्तू म्हणजे 'फुलिश वाइव्हज', १९२२ चा मूकपट, फ्लिकर ॲली नावाच्या कंपनीने २०२३ मध्ये ब्लू-रे डिस्कवर काढलेली आवृत्ती. लिहिणारा, दिग्दर्शन करणारा आणि मुख्य खलनायक एकच माणूस, एरिक फॉन स्ट्रोहाइम. स्वस्त नाहीये. महिनाभराच्या स्ट्रीमिंगच्या पैशांत येत नाही, त्यामुळे नवऱ्याने भुवई उडवली आणि 'शंभर वर्षांपूर्वीचा पिक्चर फुकट मिळतो ना नेटवर' हे वाक्य टाकलंच. मिळतो, खरंय. मीही तसाच बघितला होता आधी, धुरकट, संवादाच्या निम्म्या पाट्या वाचता येत नाहीत, चेहरे म्हणजे पिठाचे गोळे. तो बघून मला वाटलं होतं की लोक उगाच डोक्यावर घेतात. आता ते शब्द गिळते.

पण मी या माणसाच्या नादाला लागले ते सिनेमामुळे नाहीच, रिझ्युमेमुळे लागले. आम्ही जर्सी सिटीत राहतो, लिबर्टी स्टेट पार्क जवळ आहे, संध्याकाळी फिरायला गेलं की समोर पाण्यात एलिस आयलंडची ती लाल विटांची इमारत दिसते, जिथे एके काळी बोटीने येणाऱ्या परदेशी लोकांची नोंद व्हायची. माझा चुलतभाऊ इकडे आला तेव्हा ज्या कन्सल्टिंग कंपनीने त्याला आणलं त्यांनी त्याचा दोन वर्षांचा अनुभव सात वर्षांचा करून दिला होता, अख्खं पान नवीन, न केलेले प्रोजेक्ट, न बघितलेले क्लायंट, आणि इंटरव्ह्यूच्या आदल्या रात्री हा आमच्या सोफ्यावर बसून स्वतःचा भूतकाळ पाठ करत होता. घाम फुटला होता बिचाऱ्याला. त्याच सुमारास कुठेतरी वाचलं की स्ट्रोहाइम नावाचा एक माणूस १९०९ च्या नोव्हेंबरमध्ये याच बंदरात उतरला आणि त्याने नावातच 'फॉन' घुसवून दिला. जर्मन बोलणाऱ्या देशात 'फॉन' म्हणजे खानदानी, सरदार घराण्यातला. हा होता व्हिएन्नातल्या टोप्या बनवणाऱ्या एका ज्यू माणसाचा मुलगा, जन्म १८८५. सैन्यात थोडे दिवस होता, पण त्याने पुढे सांगितलं ते घोडदळातल्या अधिकारीपणाचं वगैरे सगळं मनाने रचलेलं. नुसतं सांगितलं नाही तर आयुष्यभर पाळलं, एक डोळ्याची काच, कडक कॉलर, टाचा जुळवून वाकणं, भादरलेलं डोकं. १९५७ मध्ये गेला तोपर्यंत जाहीरपणे कबूल केलं नाही, कागद सापडले ते मेल्यावर. म्हणजे चुलतभावाला सहा महिने टिकवता टिकवता नाकी नऊ आले तो रिझ्युमे या पठ्ठ्याने जवळजवळ अर्धं शतक टिकवला.

आणि याची गंमत अशी की व्हिएन्नाकडून आलेल्या दुसऱ्या लोकांना त्याच्या बोलीवरून संशय यायचाच म्हणे. आपल्याकडे कसं, कोणी 'आमचा चौसोपी वाडा होता, दारात हत्ती' सांगायला लागलं की त्याच्या दोन वाक्यांत कळतं हत्ती किती खरा ते. अमेरिकनांना कुठून कळणार, त्यांना सगळे युरोपातले सारखेच.

सुरुवातीची वर्षं पटकन सांगते. मिळेल ती कामं करत करत पश्चिमेला सरकला, सॅन फ्रान्सिस्को, मग १९१४ च्या आसपास हॉलिवूड. तिथे ग्रिफिथ या त्या काळच्या बड्या दिग्दर्शकाच्या युनिटमध्ये एक्स्ट्रा आणि पडेल ते काम. याला ऑस्ट्रियन लष्करातलं सगळं कळतं असं त्याने स्वतःच सांगितल्यामुळे युनिफॉर्म कसा हवा, सलाम कसा ठोकायचा हे विचारायला लोक याच्याकडे यायला लागले, आणि मग पहिलं महायुद्ध आलं. जर्मन दिसणाऱ्या माणसाला त्या दिवसांत अमेरिकेत जगणं अवघड, याने त्याचाच धंदा केला. पडद्यावर दुष्ट जर्मन अधिकारी पाहिजे का, हा घ्या. १९१८ च्या एका पिक्चरमध्ये तर रडणारं तान्हं बाळ खिडकीतून बाहेर फेकतो. 'ज्याचा द्वेष करायला आवडतो असा माणूस' ही त्याची जाहिरात होती. आपल्याकडे निळू फुलेंना बायका रस्त्यात शिव्या घालायच्या असं सांगतात ना, त्यातला प्रकार, फक्त इथे माणूस परदेशी आणि समोर खरं युद्ध.

युद्ध संपलं आणि जर्मन खलनायकांचा बाजार बसला. हा गेला कार्ल लेमलीकडे, युनिव्हर्सलचा मालक, जो स्वतः जर्मनीतून आलेला. स्वतःची गोष्ट सांगितली, मीच लिहिणार, मीच दिग्दर्शन करणार, मीच काम करणार म्हणाला, आणि लेमली हो म्हणाला. १९१९ चा 'ब्लाइंड हजबंड्स'. चालला. लेमलीने पिक्चरचं नाव बदललं म्हणून यांनी पेपरात जाहिरात देऊन मालकाचा निषेध केला, पहिल्याच पिक्चरला! त्यानंतरचा १९२० चा एक पिक्चर हरवला, कुठेच नाहीये. आणि तिसरा हा.

आता डिस्क. म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट आणि सॅन फ्रान्सिस्को सायलेंट फिल्म फेस्टिव्हल या दोघांनी मिळून हे दुरुस्तीचं काम केलंय. एक कुठलीतरी प्रिंट घेऊन धुतली असं नाही, पिक्चर वेगवेगळ्या रूपांत तुटून उरला होता, अमेरिकेतली नंतर काटछाट केलेली आवृत्ती वेगळी आणि इटलीला गेलेली प्रिंट वेगळी, ते तुकडे जुळवलेत. त्यामुळे चित्र सगळीकडे सारखं नाही, एका शॉटमध्ये दगडावरचं शेवाळ मोजता येईल आणि पुढच्याच शॉटमध्ये पाऊस पडल्यासारख्या रेघा. मला ते चाललं. गोधडीला जोड दिसतातच.

रंगाबद्दल मात्र सांगायलाच पाहिजे कारण बहुतेकांना वाटतं मूकपट म्हणजे काळा-पांढरा. त्या काळी प्रसंगानुसार फिल्मच्या अख्ख्या तुकड्याला रंग देत, रात्र निळी, दिवस पिवळसर, तसे रंग इथे परत आणलेत, आणि आगीच्या प्रसंगात ज्वाळा मूळ प्रिंटमध्ये हाताने रंगवल्या होत्या, फ्रेम धरून धरून, तो परिणाम आता पुन्हा दिसतो. निळ्या रात्रीत तो मनोरा पेटतो आणि ज्वाळा तेवढ्या नारिंगी. आमच्या टीव्हीवर मी तो भाग तीनदा मागे घेतला. संगीत टिमथी ब्रॉकचं आहे, चांगलं आहे, उगाच प्रत्येक ठिकाणी ढॅणढॅण करत नाही. आत डीव्हीडी पण आहे आणि एक पुस्तिका, पुस्तिका जेवता जेवता वाचली, त्यावर आता आमटीचा डाग आहे.

बघायला सोबत सासूबाई होत्या. सहा महिन्यांसाठी आल्यात, थंडीत बाहेर पडता येत नाही, मालिका बघून बघून कंटाळल्या. मी म्हटलं आई, मुका पिक्चर आहे, इंग्रजी ऐकायची कटकट नाही, पाट्या मी वाचून दाखवते. आपल्याकडे मूकपटांच्या काळी थेटरात पाट्या मोठ्याने वाचून दाखवणारे असायचेच, तसं माझं झालं, फक्त बिनपगारी.

गोष्ट अशी. मॉन्टे कार्लो, युद्ध नुकतंच संपलेलं. काउंट सर्जियस करामझिन नावाचा रशियन अधिकारी समुद्रकाठच्या बंगल्यात दोन 'चुलत बहिणीं'सोबत राहतो. अधिकारी खोटा, काउंट खोटा, बहिणी खोट्या, जुगारात लावतात त्या नोटाही खोट्या. सकाळी उठून गच्चीवर नाश्ता, पाट्यांवर लिहून येतं की डोळे उघडायला बैलाचं रक्त आणि मग कॅव्हियर. सासूबाई म्हणाल्या, 'काय पितो म्हणालीस?' मी परत वाचलं. 'शी! आणि टॉवेल किती पांढरा ठेवलाय बघ मेल्याने.' हे त्यांचं निरीक्षण माझ्या मते सगळ्या समीक्षकांपेक्षा भारी, कारण स्ट्रोहाइमचं सगळं त्यातच आहे, वस्तू इतक्या अस्सल आणि इतक्या जवळून दाखवतो की माणसाचा खोटेपणा त्यावर उठून दिसतो. कॉलर, सिगरेट ठेवायची डबी, छोटा आरसा, सेंट, सगळं परीटघडीचं. हा माणूस तयार होतानाच तुम्हाला कळतं की आज कोणाचं तरी वाटोळं होणार.

सावज म्हणजे अमेरिकन मुत्सद्द्याची बायको, भोळी, पैसेवाली, बढाईखोर खानदानीपणाला भुलणारी. गच्चीवर ती पुस्तक वाचत बसलेली असते आणि पुस्तकाचं नाव काय, तर 'फुलिश वाइव्हज', लेखक एरिक फॉन स्ट्रोहाइम. आचरटपणाची हद्द! स्वतःच्या पिक्चरमध्ये स्वतःचं न लिहिलेलं पुस्तक वाचायला लावायचं, आणि त्याच वेळी स्वतः समोर खुर्चीत बसून तिच्यावर डोळा ठेवायचा.

तिथेच एक प्रसंग आहे जो मी विसरणार नाही. तिच्या हातातली वस्तू खाली पडते, बाजूला एक लष्करी अधिकारी उभा असतो, उंच, अंगावर केप, तो ढिम्म हलत नाही. तिला राग येतो, कसला शिष्टाचार नसलेला माणूस. आपल्यालाही येतो. आणि खोटा काउंट मात्र झटकन पुढे होऊन उचलून देतो, किती सभ्य. पुढे पुन्हा तसंच होतं. आणि बऱ्याच वेळाने त्या अधिकाऱ्याची केप घसरते तेव्हा दिसतं की त्याला हातच नाहीत, बाह्या रिकाम्या. युद्धात गेलेत. एकही पाटी नाही, कोणी काही समजावत नाही. सासूबाई एकदम गप्प. मग हळूच म्हणाल्या, 'आपण उगाच बोललो त्याला.' आपण! म्हणजे पाट्या वाचत वाचत त्या पण गच्चीवर जाऊन बसल्या होत्या.

आणि दुसरा, मोलकरणीचा. बंगल्यात काम करणारी वयस्क बाई, तिला याने लग्नाचं आमिष दाखवून ठेवलंय, आणि आता तिने साठवलेले पैसे हवेत. हा टेबलाशी बसतो, चेहरा हाताने झाकतो, फार अडचणीत आहे असं दाखवतो, आणि बोटं ओली करून टेबलक्लॉथवर थेंब पाडतो. टप. टप. अश्रू! कॅमेरा ते थेंब दाखवतो. त्या बाईला वाटतं साहेब रडतायत, ती जाऊन सगळी पुंजी आणून देते. आमच्या घरात स्फोट झाला. 'मुडद्या! बाई गं नको देऊस! अगं पाणी आहे ते, सांग की तिला!' हे मला उद्देशून, जणू मी रिमोटने सांगू शकते. नवरा मीटिंग म्यूट करून बाहेर आला काय झालं बघायला. पुढे ती मोलकरीण काय करते ते सांगत नाही, पण आग म्हटलं ना ती तिनेच लावलेली असते, आणि तेव्हा हा शूर अधिकारी मॅडमला मागे टाकून आधी स्वतः उडी मारतो. शेवट गटारात होतो, अक्षरशः, आणि आमच्याकडे टाळ्या पडल्या.

मला हे बघताना सारखं एकच वाटत होतं. खोट्या काउंटचा इतका निर्दय पिक्चर काढणारा माणूस स्वतः खोटा काउंट आहे आणि सेटवर कोणालाच ते माहीत नाही. दुसऱ्या कोणी काढला असता तर तो खलनायक झाला असता फक्त. याने त्याला आतून ओळखलंय, कुठे कॉलर टोचते, कुठे पकडले जाऊ वाटतं, कधी आरशात बघून खात्री करावी लागते. स्वतःवरच धाड घातल्यासारखं आहे. आणि वर अमेरिकनांना टोमणा की तुम्हाला असलाच माणूस आवडतो, तुम्हीच मला घेतलंत.

आता पैशांची कथा, ती पण मनोरंजक. मॉन्टे कार्लोचा चौक, कसिनो, हॉटेल, सगळं कॅलिफोर्नियात स्टुडिओच्या आवारात उभं केलं, आणि समुद्राची बाजू उत्तरेला माँटेरीच्या किनाऱ्यावर वेगळी बांधली. हॉटेलच्या खोल्यांत विजेच्या घंटा खरोखर वाजल्या पाहिजेत असा हट्ट होता म्हणे, मूकपटात! खर्च फुगत गेला तसा युनिव्हर्सलने रडण्याऐवजी त्याचीच जाहिरात केली, न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरला मोठा फलक, त्यावर आजपर्यंत किती खर्च झाला तो आकडा बदलत राहायचा आणि दिग्दर्शकाच्या आडनावातल्या 'एस' अक्षराच्या जागी डॉलरचं चिन्ह. १० लाख डॉलरचा पहिला पिक्चर म्हणून मिरवला. मध्येच मुत्सद्द्याचं काम करणारा नट रुडॉल्फ क्रिस्टियन्स वारला. मग उरलेल्या प्रसंगांत दुसरा नट पाठमोरा उभा करून काम भागवलं, हे माहीत असलं की बघताना त्या पाठीच मोजत बसतो आपण. मी मोजल्या. सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या की मला आधीच वाटलं, याची मान जाड झाली.

तेव्हा स्टुडिओत अर्विंग थॅलबर्ग नावाचा जेमतेम विशीतला पोरगा मुख्य होऊन बसला होता आणि त्याला हे थांबवायचं होतं, पण थांबवणार कसं? दिग्दर्शकाला काढलं तर हिरोही जातो, कारण दोघे एकच, आणि अर्धा पिक्चर त्याच्या चेहऱ्यावर शूट झालेला. म्हणजे त्याचा चेहरा हाच त्याचा विमा होता. शेवटी कॅमेरेच उचलून नेले तेव्हा शूटिंग संपलं. स्ट्रोहाइमच्या मनात सहा तासांच्या वरचा पिक्चर होता, जानेवारी १९२२ मध्ये न्यूयॉर्कला दाखवला तो साडेतीन तासांच्या आसपास, त्यानंतर पुन्हा कात्री, आणि आज डिस्कवर आहे तो साधारण अडीच तासांचा. पुढच्या पिक्चरला थॅलबर्गने धडा लक्षात ठेवला, 'मेरी-गो-राउंड'मध्ये काम करायचं नाही, फक्त दिग्दर्शन, आणि ऑक्टोबर १९२२ मध्ये शूटिंग चालू असताना काढून टाकला. तोवर एवढ्या नावाच्या दिग्दर्शकाला असं मध्येच कोणी हाकललं नव्हतं. हॉलिवूडमध्ये दिग्दर्शक मोठा की निर्माता हा प्रश्न त्या दिवशी सुटला आणि आजतागायत सुटलेलाच आहे.

या डिस्कनंतर माणूस थांबत नाही, 'ग्रीड'वर जातोच, म्हणून तेही सांगते, डिस्कमध्ये नसलं तरी. युनिव्हर्सलमधून निघून गोल्डविन कंपनीत गेला आणि १८९९ ची फ्रँक नॉरिसची कादंबरी घेतली, सॅन फ्रान्सिस्कोतला दाताचा डॉक्टर, त्याची बायको, तिला लागलेली लॉटरी, आणि त्या पैशाने तिघांची झालेली माती. सेट नको म्हणाला, खऱ्या रस्त्यांवर, खऱ्या घरांत. शेवट डेथ व्हॅलीत आहे तर भर उन्हाळ्यात, १९२३ साली, अख्खं युनिट डेथ व्हॅलीत नेलं. जीन हर्शोल्ट नावाचा नट त्या उन्हाने आजारी पडून कोसळला. त्याने जोडलेला पहिला पिक्चर ४२ रिळांचा, नऊ तासांच्या घरात, जानेवारी १९२४ मध्ये मोजक्या माणसांनी बसून बघितला. मग त्याने स्वतः २४ रिळं केली, मित्र रेक्स इन्ग्रॅमने १८ वर आणली, तोही आयर्लंडहून आलेलाच. तोपर्यंत गोल्डविनचं दुसऱ्या कंपन्यांशी विलीनीकरण होऊन एमजीएम स्टुडिओ झाला आणि नवीन ऑफिसात वर कोण बसलेला? थॅलबर्ग. ज्याच्या तावडीतून सुटून आला तोच परत साहेब! नोकरी बदलून जुनाच मॅनेजर मिळालेल्यांनी इथे उसासा टाकावा. १० रिळं उरली. उरलेली फिल्म नष्ट झाली, आतली चांदी काढून घेण्यासाठी असं सांगतात. सोन्याच्या हावेवरचा पिक्चर, त्यातली नाणी, सोन्याचा दात, पिंजरा असं काय काय हाताने पिवळं रंगवलेलं, आणि त्याचा शेवट चार पैशांच्या चांदीसाठी. १९९९ मध्ये शेकडो स्थिरचित्रं मध्ये घालून चार तासांची आवृत्ती तयार केली, ती मी टीव्हीवर बघितली. स्थिरचित्र येतं, कॅमेरा त्यावर हळूहळू सरकतो आणि आपण समजायचं की इथे एक माणूस होता.

साधारण तेव्हाच, १९२५ ला, कोल्हापूरला बाबुराव पेंटर 'सावकारी पाश' करत होते, पैशाने गिळलेला शेतकरी, नट म्हणून तरुण शांताराम. तो मूकपट आज नाही. तिथे तर जोडायला तुकडेही हाती नाहीत, त्यामुळे कात्रीबद्दल आपण फार बोलू नये.

पुढचं भरभर. १९२५ चा 'द मेरी विडो' धो धो चालला, म्हणजे माणसाला चालणारा पिक्चर करता येत नव्हता असं नाही. मग 'द वेडिंग मार्च', १९२८, पुन्हा तेच, लांबी, खर्च, दोन भाग केले, दुसरा भाग पुढे आगीत गेला. मग 'क्वीन केली', निर्माती आणि हिरॉइन ग्लोरिया स्वॉन्सन, पैसा जोसेफ केनेडीचा, हो, त्या प्रेसिडेंट केनेडींचे वडील. जानेवारी १९२९ मध्ये तिने सेटवरून फोन लावला आणि याची हकालपट्टी. तोवर बोलपट आलेच होते. एक प्रयत्न सोडला तर दिग्दर्शन संपलं, चाळिशीच्या मधल्या वर्षांत. पुढे नुसता नट. युरोपात मान मिळाला, १९३७ ला रेन्वार या फ्रेंच दिग्दर्शकाच्या पिक्चरमध्ये मानेला पट्टा बांधलेला जर्मन अधिकारी केला तो आजही लोक विसरत नाहीत.

आणि १९५० चा 'सनसेट बुलेव्हार्ड' शक्य असेल तर या डिस्कनंतर लगेच बघा. त्यात हा म्हाताऱ्या झालेल्या मूकपटाच्या नटीचा बटलर आणि ड्रायव्हर, जो एकेकाळी तिचा दिग्दर्शक होता. नटी कोण, तर तीच स्वॉन्सन जिने याला काढलं होतं. घरात ती आपला जुना पिक्चर लावून बघते तो 'क्वीन केली'चाच तुकडा. दिग्दर्शक बिली वाइल्डरने, तोही तिकडूनच आलेला, हा सगळा क्रूर खेळ मांडला आणि याने शांतपणे केला. गाडी चालवतो त्यात मोठी परदेशी, पण प्रत्यक्षात त्याला गाडी चालवता येत नव्हती, ओढून न्यावी लागली. ऑस्करचं नामांकन मिळालं, सहायक नटाचं.

परत वस्तूकडे येते कारण कोणीतरी विचारणारच, घ्यावी का. मूकपट कधीच बघितला नसेल तर यापासून सुरू नका करू, मध्ये एक अर्धा तास असा आहे, वादळातला, म्हातारीची झोपडी वगैरे, तिथे मी स्वतः फोन बघितला. दुसरं, एका मुलीचं पात्र आहे, नोटा छापणाऱ्याची मतिमंद लेक, तिच्याबाबतीत काउंटच्या मनात काय आहे ते बघवत नाही, लहान मुलं खोलीत नकोत. मूळ पिक्चर याहून मोठा होता त्यामुळे काही माणसं येतात आणि का आली ते न सांगता जातात, दुरुस्ती करणारे तरी काय करणार. आणि नाव! मूर्ख बायका म्हणे. अख्ख्या पिक्चरमध्ये मूर्खपणा पुरुषांचाही काही कमी नाहीये, नवरा तर पहिला. सासूबाईंनी यावर स्वतंत्र पंधरा मिनिटं घेतली.

पण नेटवर फुकट धुरकट कॉपी बघून 'ठीक आहे' म्हणणाऱ्यांनी एकदा ही बघा, उधारीवर मिळाली तरी चालेल. स्ट्रोहाइमचा पिक्चर बारकाव्यांवर उभा आहे, त्या बारकाव्यांचा चोथा झालेली प्रिंट म्हणजे साखर न घातलेला श्रीखंडाचा चक्का. थेंब टेबलक्लॉथवर पडून पसरतो ते दिसलं पाहिजे, नाहीतर माणूस नुसता रडतोय असं वाटतं.

चुलतभावाला पण दाखवली, तो आता त्याच क्षेत्रात खरोखर सात वर्षं काढून बसलाय. काउंट आरशात बघून पदकं सरळ करतो तिथे तो हसला नाही, बाकी सगळीकडे हसला. सध्या डिस्क माझ्याकडे नाहीये, चौथ्या मजल्यावरच्या मैत्रिणीने नेली त्याला तीन आठवडे झाले, आणि सासूबाई रोज विचारतात की त्या बिनहाताच्या माणसाचा तेवढा भाग परत लावशील का.